जुनं औषध, नवा उपयोग: फोनवर नाव दिसलं, आता पुढे काय करायचं?

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतले वाचक हल्ली वारंवार दोन प्रश्न विचारतात. पहिला: "एआयनं शोधून काढलंय की अमुक आजाराची जुनी गोळी आमच्या आजारावरही चालते, असा मेसेज आलाय. मेडिकलमधून आणून घ्यावी का?" दुसरा त्याच्या उलट: "डॉक्टरांनी मुलाला दिलेल्या गोळीचं नाव फोनवर टाकलं, तर ती कॅन्सरची निघाली. चुकून दिली का? बंद करू का?"

पहिल्या घरात न दिलेली गोळी सुरू होते, दुसऱ्या घरात दिलेली गोळी बंद होते. दोन्हींत जीव धोक्यात येतो. जुन्या औषधाचा नवा उपयोग ही खरी आणि मोलाची गोष्ट आहे, आणि मशीन लर्निंगमुळे असे उपयोग शोधण्याचा वेग वाढला आहे, हेही खरं. मात्र यंत्र फक्त नाव सुचवतं. ते औषध त्या आजारावर चालतं की नाही हे माणसांवरच्या चाचणीत ठरतं, आणि तुम्हाला द्यायचं की नाही हे तुमच्या तपासणीत. या तीन गोष्टींची गल्लत होऊ नये, यासाठी हा लेख आहे.

आधी एवढं समजून घ्या

एखादं औषध बरीच वर्षं वापरात असलं की त्याचे दुष्परिणाम माहीत झालेले असतात, ते बाजारात मिळतं आणि बहुधा स्वस्तही असतं. तेच दुसऱ्या आजारावर चाललं, तर नवं औषध घडवण्याची बरीच वर्षं आणि पैसा वाचतो. म्हणून जगभर हा शोध चालू आहे.

याचं एक मोठं उदाहरण आपल्या कोकणातलंच आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. हिंमतराव बावस्कर आजच्या रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत होते. लाल विंचू चावलेले रुग्ण त्यांच्याकडे यायचे: अंग घामानं निथळलेलं, हातपाय गार, उलट्या, आणि काही तासांत फुप्फुसांत पाणी भरून दम लागलेला. बावस्करांनी एकेका रुग्णाजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. त्यातून उलगडत गेलं की विषामुळे शरीरात संप्रेरकांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर असह्य ताण येतो. रक्तवाहिन्या सैल करणारी रक्तदाबाची एक गोळी तेव्हा उपलब्ध होती, प्राझोसिन. ती त्यांनी विंचूदंशावर वापरली. १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अनुभव प्रसिद्ध झाला आणि पुढे ही उपचारपद्धती देशभर रुजली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्या वेळी हा दुवा एका डॉक्टरच्या निरीक्षणातून सापडला. आज मशीन लर्निंग तसे दुवे मोठ्या प्रमाणावर शोधतं. लाखो शोधनिबंध, जनुकं आणि प्रथिनांच्या याद्या, औषधांचे ज्ञात परिणाम आणि रुग्णांच्या नोंदी यांतून 'या औषधाचा त्या आजाराशी संबंध असू शकतो' अशी क्रमवार यादी ते काढतं. मध्यस्थानं स्थळ सुचवावं तशी ही यादी असते. चौकशी, भेट आणि पसंती हे सगळं पुढेच व्हायचं असतं.

फोनवरचा दावा कोणत्या पायरीवर आहे, ते ओळखा

मेसेज आला, व्हिडिओ पाहिला किंवा चॅटबॉटनं उत्तर दिलं, की पहिला प्रश्न हा विचारा: हे औषध माणसांवरच्या चाचणीपर्यंत पोचलंय का? एकूण पायऱ्या पाच.

१. संगणकाचा अंदाज. फक्त यादीत नाव आलं आहे. अजून कुणालाही देऊन पाहिलेलं नाही.

२. प्रयोगशाळा आणि उंदीर. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी मशीन लर्निंगच्या मदतीनं 'हॅलिसिन' हे जंतुनाशक शोधलं. मधुमेहासाठी तपासून बाजूला पडलेलं ते रसायन होतं. औषधांना न जुमानणाऱ्या काही जंतूंना त्यानं प्रयोगशाळेत आणि उंदरांत मारलं. बातमी जगभर गाजली, पण उंदरात चाललेलं माणसात चालेलच असं नसतं.

३. जुन्या नोंदींचा अभ्यास. 'ही गोळी घेणाऱ्यांत तो आजार कमी दिसला' असं इथे सांगितलं जातं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत कर्करोग कमी दिसतो, असं अनेक अभ्यासांत आढळलं होतं. म्हणून स्तनाच्या कर्करोगाच्या हजारो रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. २०२२ मध्ये निकाल आला: मेटफॉर्मिननं कर्करोग उलटणं कमी झालं नाही. नोंदींत दिसलेला संबंध चाचणीत टिकला नाही.

४. माणसांवरची चाचणी. काही रुग्णांना औषध देतात, काहींना देत नाहीत. कोणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं आणि दोन्ही गटांची तुलना होते. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरनं डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली अशी एक चाचणी केली. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती लिग्नोकेन हे भूल देण्याचं जुनं, स्वस्त इंजेक्शन द्यायचं. देशातल्या ११ केंद्रांतल्या दीड हजारांहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. पाच वर्षांनंतर इंजेक्शन मिळालेल्या गटात हयात असलेल्यांचं प्रमाण सुमारे ९० टक्के होतं, न मिळालेल्या गटात सुमारे ८६ टक्के. २०२३ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. भरवसा ठेवावा असा पुरावा या पायरीपासून सुरू होतो.

५. मंजुरी आणि उपचाराच्या मार्गदर्शक सूचना. सरकारी यंत्रणा किंवा जागतिक आरोग्य संघटना सांगते की कोणत्या रुग्णाला, किती आणि केव्हा द्यायचं.

या पायऱ्या चढायला किती वेळ लागतो, याचं उदाहरण बॅरिसिटिनिबचं. ही संधिवाताची गोळी. फेब्रुवारी २०२० मध्ये बेनेव्होलंट एआय या ब्रिटिश कंपनीच्या संशोधकांनी यंत्राच्या मदतीनं ती कोविडवर सुचवली. त्याच वर्षाच्या शेवटी पहिल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. मे २०२१ मध्ये भारतात तातडीच्या वापराला परवानगी मिळाली, आणि जानेवारी २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ठाम शिफारस केली, तीही फक्त गंभीर रुग्णांसाठी. साथीच्या काळात सगळं जग कामाला लागलेलं असतानाही जवळपास दोन वर्षं गेली. ती गोळी इतक्या पायऱ्या चढून टिकली. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनचं उलट झालं. मार्च २०२० मध्ये आपल्याकडे तिचा प्रतिबंधासाठी सल्ला दिला गेला, दुकानांतून ती नाहीशी झाली, आणि जूनमध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं की रुग्णालयात दाखल रुग्णांना तिचा फायदा होत नाही.

तुमच्या मेसेजमधला दावा पहिल्या तीन पायऱ्यांवर असेल, तर ती गोळी घ्यायची नाही. चौथ्या-पाचव्या पायरीवर असेल, तर डॉक्टरांशी बोलायचं.

डॉक्टरांनी दिलेली गोळी फोनवर 'भलत्याच' आजाराची दिसली तर

गोळी बंद करू नका. अनेक औषधांचा नवा उपयोग केव्हाच सिद्ध झाला आहे, फक्त फोनवर जुनी ओळख आधी दिसते. आपल्या भागात नेहमी भेटणारी उदाहरणं अशी:

- हायड्रॉक्सियुरिया: फोनवर कॅन्सरचं औषध दिसतं. सिकलसेलच्या रुग्णात ते दुखण्याचे झटके कमी करतं. आदिवासी पाड्यांवर सिकलसेल आढळतो, त्यामुळे हा प्रश्न जास्त येतो. ते घेताना ठरलेल्या अंतरानं रक्ततपासणी करावी लागते; ती चुकवू नका.
- क्लोफाझिमिन: कुष्ठरोगाचं औषध. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या उपचारातही ते असतं. त्यानं कातडी लालसर-काळपट होते. याचा अर्थ तुम्हाला कुष्ठरोग झाला असा होत नाही.
- अमिट्रिप्टिलिन: नैराश्याची गोळी. कमी मात्रेत ती नसांच्या दुखण्यावर आणि अर्धशिशीवर देतात.
- प्रोप्रानोलॉल: रक्तदाबाचं औषध. तान्ह्या बाळाच्या अंगावर वाढणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या लाल गाठीवरही ते देतात.

शंका आली तर केस पेपर आणि गोळ्यांची पट्टी घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा: "ही गोळी मला कशासाठी दिली?" उत्तर केस पेपरवर लिहून मागा. पुढच्या वेळी दुसरा डॉक्टर असला तरी घोटाळा होणार नाही.

तुमच्यापुढचे चार पर्याय

१. सिद्ध झालेला उपयोग. औषध त्या आजारासाठी मंजूर आहे, किंवा सरकारी उपचार सूचनांत आहे. सरकारी रुग्णालयात ते मोफत मिळतं का, हे आधी विचारा.

२. डॉक्टरांच्या निर्णयानं वापर. औषध बाजारात आहे, पण तुमच्या आजारासाठी रीतसर मंजूर नाही. तरी पुरावा पाहून डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर ते देऊ शकतात. अशा वेळी कारण, अपेक्षित फायदा, धोका आणि दुसरे पर्याय तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगणं त्यांचं काम आहे.

३. चाचणीत भाग. औषध अजून तपासलं जातंय आणि तुम्ही त्या अभ्यासात बसता. याबद्दल पुढे सविस्तर.

४. चालू उपचार तसाच ठेवून थांबणं. बहुतेक वेळा हाच योग्य निर्णय असतो. दावा खरा ठरला, तर औषध जुनंच असल्यानं ते तुमच्यापर्यंत यायला फार वेळ लागत नाही.

मेडिकलमधून आपणच गोळी आणून घेणं या यादीत नाही. अशा दाव्यांतली बरीच औषधं 'शेड्यूल एच' किंवा 'एच १' मध्ये येतात आणि नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. चॅटबॉटचं उत्तर म्हणजे चिठ्ठी नव्हे. २५ मार्च २०२० च्या केंद्र सरकारच्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या मंचांना रुग्णाला सल्ला देण्याची किंवा औषध लिहून देण्याची मुभा नाही. ते काम नोंदणीकृत डॉक्टरांचंच.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

कागदावर लिहून न्या. ओपीडीत वेळ थोडा असतो, प्रश्न तयार असले तर उत्तरंही नेमकी मिळतात.

- माझ्या आजारावर या औषधाची माणसांवर चाचणी झाली आहे का?
- ती माझ्यासारख्या रुग्णांवर झाली का: माझं वय, गरोदरपण, रक्ताची कमतरता, सिकलसेल, टीबी यांसह?
- मी आत्ता घेतोय त्या गोळ्यांबरोबर ती चालेल का?
- मात्रा जुन्या आजारासारखीच आहे की वेगळी?
- कोणत्या तपासण्या, किती दिवसांनी कराव्या लागतील? त्या शहापूर-मुरबाडला होतात की ठाण्याला जावं लागेल?
- कोणतं लक्षण दिसलं तर लगेच बंद करून यायचं?

दुसरा प्रश्न महत्त्वाचा का, ते सांगायला हवं. यंत्राला शिकवायला वापरलेल्या नोंदी मुख्यतः श्रीमंत देशांतल्या आणि मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांच्या असतात. कातकरी, ठाकूर, वारली वस्त्यांतले रुग्ण त्यांत जवळजवळ नसतातच. उदाहरणार्थ, काही आदिवासी समाजांत 'जी६पीडी' या विकराची जन्मजात कमतरता आढळते. अशा माणसाला प्रायमाक्वीन किंवा डॅप्सोन दिलं तर तांबड्या रक्तपेशी फुटून रक्त झपाट्यानं कमी होऊ शकतं. फोनला हे तुमच्याबद्दल माहीत नसतं, डॉक्टर मात्र त्याची तपासणी करू शकतात.

ठाण्याला किंवा मुंबईला गेलं की दिवसाची मजुरी बुडते, हे खरं आहे. म्हणून आधी जवळच्या उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत 'ई-संजीवनी'वर डॉक्टरांशी बोलता येईल का ते पाहा. गरज पडली तर शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय गाठा, आणि तिथून पुढे पाठवलं तर चिठ्ठी घेऊनच जा.

इथे हमखास फसगत होते

- गोळी तीच, मात्रा वेगळी. जुन्या आजाराची मात्रा नव्या आजाराला कमी पडू शकते किंवा घातक ठरू शकते.
- वेळ चुकली की औषधच अपाय करतं. डेक्सामेथासोन या स्वस्त स्टिरॉइडनं ऑक्सिजनवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू कमी केले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना त्याचा फायदा झाला नाही. तरी अनेकांनी ते घरीच सुरू केलं. २०२१ मध्ये महाराष्ट्रात काळी बुरशी पसरली तेव्हा अनियंत्रित मधुमेह आणि गरजेपेक्षा जास्त स्टिरॉइड ही तिची मोठी कारणं ठरली.
- गोळ्यांची आपसातली मारामारी. टीबीच्या उपचारातल्या रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांसह अनेक औषधांचा असर कमी होतो. टीबीचा उपचार चालू असताना एकही नवी गोळी न विचारता घेऊ नका.
- गरोदरपण. थॅलिडोमाइड हे एकेकाळी झोपेचं आणि गरोदरपणातल्या मळमळीवरचं औषध होतं. त्यामुळे हजारो बाळं हातपायांत व्यंग घेऊन जन्मली. आज तेच औषध कुष्ठरोगातल्या एका त्रासदायक प्रतिक्रियेवर उपयोगी आहे, पण गरोदर स्त्रीला कधीही देत नाहीत. दिवस गेल्याची शंका असली तरी डॉक्टरांना आधी सांगा.
- गुरांचं औषध. आयव्हरमेक्टिनसारखं औषध माणसांसाठीही असतं आणि जनावरांसाठीही. गुरांच्या डॉक्टरकडची बाटली माणसानं घ्यायची नाही. तिची तीव्रता वेगळी असते.
- 'एआयनं सिद्ध केलेलं' औषध विकणारा. कॅन्सर, मधुमेह, टीबी, कुष्ठरोग, अपस्मार अशा आजारांवर हमखास गुण येतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचार कायद्यानं मनाई आहे. म्हशाच्या जत्रेतल्या पालात असो की फोनवरच्या व्हिडिओत, अशा माणसाला पैसे देऊ नका.

साप आणि विंचू: इथे फोन चाळत बसायचं नाही

भात कापणीच्या दिवसांत आणि पावसाळ्यात आपल्याकडे दंशाचे रुग्ण वाढतात. सर्पदंशावर जुन्या औषधांचा शोध चालू आहे. व्हॅरेस्प्लॅडिब हे त्यातलं एक. हृदयरोगासाठीची त्याची मोठी चाचणी २०१२ मध्ये फायदा न दिसल्यानं थांबली. पुढे सापाच्या विषावर ते भारत आणि अमेरिकेतल्या रुग्णांत तपासलं गेलं. २०२४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. एकूण रुग्णांत मुख्य निकषावर फरक सिद्ध झाला नाही. लवकर औषध मिळालेल्यांत मात्र आशा दिसली. म्हणजे ते अजून चाचणीच्याच पायरीवर आहे.

आज करायचं ते एवढंच:

- साप चावला तर १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं रुग्णालय गाठा. चावलेला भाग हलवू नका. दोरी आवळू नका, चिरू नका, भगताकडे वेळ घालवू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या विषावर रुग्णालयातली सापाची लस हाच उपचार आहे.
- विंचू चावला आणि दरदरून घाम, उलट्या, गार हातपाय, धाप यांपैकी काही दिसलं तर लगेच न्या. लहान मुलाला तर लक्षणांची वाट न पाहता न्या. प्राझोसिन घरी देऊ नका. पहिल्याच गोळीनं रक्तदाब एकदम घसरू शकतो. रुग्णाला झोपवून, रक्तदाब पाहत ते द्यायचं असतं. विंचवाची लसही आहे. लस आणि प्राझोसिन एकत्र दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, असं बावस्करांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं.

चाचणीत भाग घ्यायचा असेल तर: तुमचे हक्क

जुन्या औषधाचा नवा उपयोग बाजारात आणायचा असेल, तर 'नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचण्या नियम, २०१९' नुसार ते नव्या औषधासारखंच तपासावं लागतं. वैद्यकीय महाविद्यालयात निव्वळ शैक्षणिक अभ्यास असेल, तर केंद्रीय परवानगी लागत नाही, पण नीतिसमितीची मंजुरी लागतेच. अभ्यास कोणताही असो, हे पाहा:

१. नोंदणी. सीटीआरआय या देशाच्या चाचणी नोंदवहीत ती नोंदलेली हवी. २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे. 'सीटीआरआय नंबर काय?' असं विचारा आणि संकेतस्थळावर ताडून पाहा. कोणतं रुग्णालय, कोणतं औषध, रुग्ण घेणं चालू आहे की बंद, हे सगळं तिथे असतं. माहिती इंग्रजीत असते, म्हणून गावातल्या शिक्षकांची मदत घ्या.

२. समजेल अशा भाषेत माहिती. मराठीत, आणि गरज असेल तर तुमच्या बोलीत. लिहिता-वाचता येत नसेल, तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा. त्याच्यासमोर वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देऊ नका.

३. प्रत. संमतीपत्राची आणि माहितीपत्राची प्रत तुमच्या हातात मिळालीच पाहिजे.

४. नाही म्हणण्याचा हक्क. सुरुवातीला आणि मध्येच कधीही. नकार दिला म्हणून तुमचा नेहमीचा उपचार थांबवता येत नाही.

५. इजा झाल्यास. २०१९ च्या नियमांखालच्या चाचणीत इजा झाली तर मोफत उपचार मिळतो. इजा किंवा मृत्यू चाचणीमुळे झाल्याचं ठरलं, तर नुकसानभरपाई द्यावी लागते. नीतिसमितीचा फोन क्रमांक माहितीपत्रावर असतो, तो जपून ठेवा.

आश्रमशाळेतल्या मुलांकडून किंवा वीटभट्टीवरच्या मजुरांकडून गटानं सह्या घेतल्या जात असतील, तर थांबा आणि वरचे पाचही मुद्दे विचारा. मालक, शिक्षक किंवा सरपंच तुमच्या वतीनं संमती देऊ शकत नाहीत. मुलासाठी संमती आईवडिलांची किंवा पालकाची लागते.

तुमची माहिती आणि तुमची तक्रार

यंत्राला शिकवायला रुग्णांच्या नोंदी लागतात, त्यामुळे तुमच्या केस पेपरला मोल आहे. आरोग्यातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २०२३ मध्ये नीतिसूचना काढल्या आहेत. रुग्णाची संमती आणि गोपनीयता त्यांच्या मुळाशी आहे. म्हणून:

- कोणत्याही ॲपवर केस पेपरचा फोटो टाकण्याआधी नाव, आधार क्रमांक, आभा क्रमांक आणि मोबाईल क्रमांक झाका.
- आरोग्य शिबिरात रक्त घेतलं, तर ते कोणत्या तपासणीसाठी आणि संशोधनात वापरणार का, हे विचारा.
- एखाद्या औषधानं त्रास झाला, तर १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय औषध सुरक्षा हेल्पलाइनवर कळवा. तक्रार रुग्ण स्वतःही करू शकतो.
- चिठ्ठीशिवाय औषधविक्री किंवा खोटी जाहिरात दिसली, तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या टोल फ्री क्रमांकावर सांगा.

नोंद झालीच पाहिजे

आता सगळ्या वाचकांना एक कळकळीची विनंती. बावस्करांना प्राझोसिनचा दुवा सापडला, कारण त्यांच्याकडे आलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद होती. यंत्रालाही नोंदीच लागतात. भगताकडे गेलेला सर्पदंश, घरीच सोसलेला सिकलसेलचा झटका, अर्ध्यावर सोडलेला टीबीचा उपचार कुठल्याच वहीत येत नाही. मग आपल्या आजारांवर जुनी औषधं शोधणाऱ्यांना आपण दिसतच नाही. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेच्या पुढाकारानं झालेल्या सर्पदंश प्रकल्पात शहापूर तालुका निवडला गेला होता. आपल्या भागाची दखल घेतली जाते, पण ती घ्यायला रुग्ण रुग्णालयात पोचलेला असावा लागतो.

म्हणून दंश झाला तर किती वाजता, कुठे आणि काय करताना झाला हे डॉक्टरांना सांगा आणि केस पेपरवर लिहून घ्या. चालू गोळ्यांच्या पट्ट्या, सिकलसेलचं कार्ड, टीबीची कागदपत्रं आणि जुने केस पेपर एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. वीटभट्टीवर कामाला जाताना ती पिशवी बरोबर न्या. आणि यापुढे फोनवर कोणत्याही औषधाचं नाव आलं, तर ते कागदावर उतरवा, त्यापुढे 'माणसांवर चाचणी झाली का?' एवढा प्रश्न लिहा आणि तो कागद पुढच्या वेळी आशाताईंना किंवा डॉक्टरांना दाखवा.